कॉलनीत रहिवासी परवाना पार्किंग कसे सुरू करावे

दवाखाने, क्लास आणि मंगल कार्यालय कॉलनीत शिरले की काही महिन्यांतच घराघरांच्या फाटकांसमोर दगड, कुंड्या आणि ‘येथे वाहन लावू नये, हवा सोडण्यात येईल’ अशा रंगवलेल्या पाट्या दिसू लागतात. या पाट्यांना कायद्यात काडीचीही किंमत नाही. रस्ता सार्वजनिक असेल तर त्यावर ठेवलेली कुंडी हे अतिक्रमण ठरते आणि दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडणारा स्वतःच अडचणीत येतो. रीतसर मार्ग एकच आहे. ठरावीक रस्त्यांवर ठरावीक वेळेत फक्त परवानाधारक रहिवाशांची वाहने उभी राहतील, अशी अधिसूचना काढून घ्यावी लागते.

कॉलनीतील रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे की तो अजून लेआउटमधील खासगी रस्ता आहे, हे नगररचना विभागात आधी पाहून घ्यावे. बंद फाटकाच्या सोसायटीची अंतर्गत जागा असेल तर हा लेख आपल्यासाठी नाही. तिथे उपविधी आणि सर्वसाधारण सभा पुरेशी आहे.

जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका 2003 मध्ये अस्तित्वात आल्या, त्यामुळे या शहरांत अर्ज आयुक्तांच्या नावे करावा. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव किंवा नंदुरबार येथे नगरपरिषद असल्याने तो मुख्याधिकाऱ्यांकडे जातो. वाहने कोठे उभी राहतील हे ठरविण्याचा अधिकार मात्र मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 117 नुसार राज्य शासनाला किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला असतो आणि त्याने तो स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरायचा असतो. म्हणून अर्जाची एक प्रत शहर वाहतूक शाखेला त्याच दिवशी द्यावी आणि दोन्हीकडे आवक शिक्का असलेली पोच घ्यावी. एकाच ठिकाणी अर्ज दिला की ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर ठरलेले आहे.

आता रस्त्यावर उभ्या गाड्यांची मोजणी. बहुतेक कॉलन्यांचे प्रस्ताव येथेच अडकतात, कारण लोक दोनशे सह्या गोळा करतात आणि त्यालाच पुरावा समजतात. सह्यांमधून लोक वैतागले आहेत एवढेच कळते. गाड्या कोणाच्या आहेत हे कळत नाही. अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो आणि तो रास्त आहे. एखाद्या कर्मचाऱ्याला बोलावून दुपारी गर्दीचे फोटो काढून देणे यालाही मी मोजणी म्हणत नाही.

मोजणी वाहनाच्या क्रमांकावरूनच करावी. एका वहीत प्रत्येक गल्लीसाठी एक पान घ्यावे, डाव्या बाजूला क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहावेत आणि पुढे चार रकाने आखावेत: पहाटे 5, सकाळी 11, दुपारी 4 आणि संध्याकाळी 7. पहाटे उभी असलेली गाडी जवळपास नक्की रहिवाशाची असते, कारण त्या वेळी ना दवाखाना उघडा असतो ना क्लास. पहाटे नसलेली पण 11 आणि 4 या दोन्ही वेळी त्याच जागी दिसणारी गाडी बाहेरून कामाला येणाऱ्याची. फक्त 11 लाच दिसणारी बहुधा रुग्णाची. आणि 7 ला येणाऱ्या दुचाकींचा ताफा क्लासचा. दुचाकी आणि चारचाकी यांचे आकडे वेगळे ठेवावेत, नाहीतर बेरजेला अर्थ उरत नाही.

त्यानंतर जागा मोजावी. रस्त्याच्या कडेला समांतर लावलेल्या एका मोटारीला सुमारे 6 मीटर लांबी धरावी. फाटके, वळणे, रोहित्र आणि चौकाजवळचा भाग वगळावा. रस्ता 6 मीटरच रुंद असेल तर एकाच बाजूची जागा धरावी, कारण अग्निशमनाची गाडी शिरली नाही तर सारा प्रस्ताव तिथेच फेटाळला जाईल आणि तसा तो जायलाच हवा.

समजा, चारचाकींसाठी 40 जागा निघाल्या. पहाटेच्या गाड्या 34 आणि सकाळी 11 च्या 52 असतील, तर परवाना पद्धत उपयोगी पडेल, कारण ताण बाहेरच्या वाहनांचा आहे. पण पहाटेच्याच गाड्या 55 भरल्या, तर परवाना हे त्यावरचे औषध नाही. तिथे अडचण रहिवाशांच्याच वाहनांची आहे आणि 40 जागांवर 55 परवाने वाटून भांडण तेवढे अधिकृत होते. अशा वेळी इमारतींच्या तळमजल्यांकडे पाहावे. मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखवलेल्या जागेत औषधाचे दुकान किंवा गोदाम चालू असते. माहिती अधिकारात 10 रुपयांच्या शुल्कात मंजूर नकाशाची प्रत मागता येते. शेजाऱ्याशी संबंध बिघडतील म्हणून लोक हे टाळतात. माझ्या मते सर्वप्रथम हेच करावे.

मोजणीचा दिवस निवडताना खानदेशाचे हवामान विसरू नये. एप्रिल-मे महिन्यात दुपारी प्रत्येक जण गाडी कडुनिंबाच्या सावलीत नेऊन लावतो, त्यामुळे एक गल्ली ठासून भरते आणि शेजारची रिकामी दिसते. शिवाय लग्नसराई चालू असते आणि शाळा बंद असतात. शाळा सुरू असतानाचे साधे कामाचे दिवस घ्यावेत, आठवडे बाजाराचा दिवस टाळावा आणि किमान दोन वेगवेगळ्या आठवड्यांत मोजावे.

परवाना कोणाला द्यायचा, यावर वाद होणारच. एमएच-19 (जळगाव) किंवा एमएच-18 (धुळे) ही अक्षरे पाहून रहिवासी ठरवू नये. मुलाने पुण्यात घेतलेली एमएच-12 ची गाडी वर्षानुवर्षे जळगावात असते आणि यावलच्या काकांच्या नावावरची गाडी पुतण्या वापरतो. राहण्याचा पुरावा मागावा: वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा नोंदणीकृत भाडेकरार. भाडेकरूंना वगळण्याची सूचना प्रत्येक बैठकीत कोणीतरी करतोच. ती ऐकून घ्यावी आणि नाकारावी. घरातील पहिल्या गाडीला माफक शुल्क, दुसरीला बरेच जास्त आणि तिसरीला परवाना नाही, असा नियम सुचवावा. आवारात जागा असलेल्या घराच्या वाट्यातून तेवढी जागा वजा करावी. परवाना म्हणजे त्या रस्त्यावर गाडी लावण्याची मुभा आहे, घरासमोरच्या जागेची मालकी नव्हे, हे वाक्य अर्जाच्या नमुन्यावरच ठळक छापून घ्यावे.

चोवीस तासांची बंदी मागू नये. मोजणीत ज्या वेळी ताण दिसला, तेवढीच वेळ मागावी, उदाहरणार्थ सकाळी 9 ते रात्री 8. दवाखान्यांजवळ रुग्णांसाठी परवान्याविना थोड्या वेळाच्या काही जागा सोडाव्यात. त्या सोडल्या नाहीत तर डॉक्टर मंडळींची हरकत येते आणि ती टिकते.

प्रस्ताव महापालिकेत मंजूर झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात, मग अधिसूचना निघते. त्यानंतर फलक. फलकावर वेळ, वाहनाचा प्रकार आणि हद्दीची सुरुवात व शेवट मराठीत स्पष्ट असावा. अर्धवट फलकावरून केलेला दंड वादात सापडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो पोलिसांनीच करायचा असतो. कॉलनीच्या पहारेकऱ्याने पावती फाडू नये आणि चाकाला साखळी तर मुळीच लावू नये.

पाहुण्यांसाठी तारीख लिहिलेले कागदी पास ठेवावेत, प्रत्येक घराला वर्षाला ठरावीक संख्येत. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी-जावई माहेरी येतात, त्या दिवसांसाठी बंदी शिथिल करण्याची तरतूद मूळ प्रस्तावातच लिहून घ्यावी, कारण नंतर ती मागायला पुन्हा तोच सगळा फेरा करावा लागतो. गाडीवरच्या परवाना स्टिकरचा रंग दर एप्रिलमध्ये बदलावा आणि नूतनीकरण घरपट्टीच्या पावतीशी जोडावे, म्हणजे घर सोडून गेलेल्यांचे परवाने आपोआप गळतात. अंमलबजावणीनंतर तीन महिन्यांनी तीच वही, तेच चार रकाने घेऊन पुन्हा मोजणी करावी आणि शेजारच्या गल्लीचेही पान त्यात घालावे, कारण हटवलेल्या गाड्या बहुतेक वेळा तिथेच जाऊन उभ्या राहतात.