विद्यापीठ विधेयकात दुरुस्ती सुचवायची असेल तर

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनो, आधी मागणी कुठल्या कागदात अडकली आहे ते बघा. 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' बदलायचा असेल तरच विधिमंडळाची वाट धरा. वेतनश्रेणी, आश्वासित प्रगती योजना (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) हे विषय शासन निर्णयाने सुटतात. त्यांची फाईल उच्च व तंत्र शिक्षण विभागात असते. सेवाशर्तींचं बरंचसं परिनियमांत (अधिनियमाखाली केलेल्या विद्यापीठाच्या नियमांत) असतं. शासन निर्णयाचा विषय घेऊन आमदारांकडे गेलेली पुष्कळ निवेदनं नुसती फिरत राहतात.

विधेयक पुरःस्थापित झालं (सभागृहात मांडलं गेलं) की मराठी प्रत मिळवा. त्यातलं उद्देश व कारणे यांचं निवेदन आणि वित्तीय ज्ञापन (खर्चाचा अंदाज) आधी वाचा. तिजोरीवर भार टाकणाऱ्या तरतुदीला राज्यपालांची शिफारस लागते (संविधानाचा अनुच्छेद २०७), म्हणजे सरकारची तयारी नसेल तर ती तिथेच थांबते. 'पदं वाढवा' यापेक्षा 'अधिसभेत (सिनेटमध्ये) शिक्षकेतर प्रतिनिधी वाढवा' ही सूचना जास्त टिकते.

सूचना अशी लिहा: 'खंड ४, पृष्ठ २, ओळ ९ मधील "एक" या मजकुराऐवजी "दोन" हा मजकूर दाखल करावा.' खाली चार ओळी कारण, बस. इथली नेहमीची चूक म्हणजे खंड (विधेयकातला) आणि कलम (अधिनियमातलं) यांची गल्लत. दुरुस्ती विधेयकाचा खंड ४ मूळ अधिनियमाचं भलतंच कलम बदलत असतो, म्हणून दोन्ही क्रमांक द्या.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं (२०१६ चं गेलं होतं) तर लेखी सूचनांना वेळ मिळतो. नाही तर एकाच अधिवेशनात ते मंजूरही होऊन जातं. मग खंडशः विचाराच्या (सभागृहात एकेक खंड घेऊन होणाऱ्या चर्चेच्या) आधी आमदारांनीच दुरुस्तीची सूचना द्यावी लागते. मसुदा त्यांच्या स्वीय सहायकाकडे आयता टाईप करून द्या.

आमदार शोधताना लक्षात ठेवा: विधान परिषदेच्या ७८ जागांत शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या प्रत्येकी ७. शिक्षकेतरांना शिक्षक मतदारसंघात मत नसतं, १ नोव्हेंबरच्या अर्हता दिनांकाआधी पदवीला ३ वर्षं झाली असतील तर नमुना १८ (नोंदणी अर्ज) भरून पदवीधर यादीत या. यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुन्या नावावर विसंबू नका.

आणि विद्यापीठाचं लेटरहेड, शिक्का, कार्यालयीन ई-मेल वापरू नका. संघटनेच्या किंवा स्वतःच्या नावाने पाठवा आणि पोचप्रतीवर आवक क्रमांक घ्या.