दूध न चालणाऱ्या लहानग्याचे कॅल्शिअम: ५०० मिलिग्रॅमचा रोजचा हिशेब

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शिअम मिळावे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. अमेरिकेत याच वयासाठी ७०० मिलिग्रॅम धरतात. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शिअम असते, त्यामुळे दोन पेले दूध पिणाऱ्या मुलाच्या घरी हा हिशेब कोणी मांडत नाही. दूध बंद झाले की मात्र आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे एकच सल्ला देतात, तो म्हणजे नाचणीचा. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. नाचणी किती, कशी केलेली आणि तिच्यानंतर उरलेली तूट कशाने भरायची, हे ठरवल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही.

त्याआधी दूध का चालत नाही, हे बालरोगतज्ज्ञांकडून नक्की करून घ्यावे, कारण पुढचा सगळा आहार त्यावर अवलंबून आहे. जुलाबाच्या आजारानंतर काही आठवडे दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. अशा मुलाला बहुधा घरचे दही आणि ताक सोसते आणि आतडे सावरल्यावर दूधही पुन्हा सुरू करता येते. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असेल तर प्रकरण वेगळे आहे: त्यात दही, ताक, पनीर, खवा, श्रीखंड सगळेच वर्ज्य ठरते. म्हशीचे किंवा शेळीचे दूधही त्यातून सुटत नाही, कारण त्यातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक ॲलर्जिक मुलांना त्यांचाही त्रास होतो. ‘शेळीचे दूध हलके असते’ म्हणून ते चोरून देऊन पाहणे धोक्याचे आहे. मूल अजून अंगावर पीत असेल तर ते मुळीच तोडू नये. आईने स्वतः दूध सोडायचे की नाही, हे डॉक्टर सांगतील. आणि मूल केवळ कपातले दूध नाकारत असेल, पण दहीभात आवडीने खात असेल, तर हा लेख त्याच्यासाठी नाही. दह्यातले कॅल्शिअम दुधाइतकेच आहे.

ॲलर्जी असलेल्या मुलासाठी पाकिटावरचा घटकांचा मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते. दूध असल्याचे पाकिटावर स्वतंत्रपणे सांगणे कायद्याने बंधनकारक आहे, तरी मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन, केसिनेट ही दुधापासूनच्या घटकांची नावेही ओळखीची असावीत. नाक्यावरच्या बेकरीतील सुट्या खारी-नानकटाईला असा मजकूरच नसतो, म्हणून त्या टाळलेल्या बऱ्या. सोसायटीतील सत्यनारायणाला कोणी प्रेमाने पंचामृताचे तीर्थ किंवा पेढ्याचा तुकडा हातावर ठेवतो, तिथे नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे. ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य ॲलर्जीला लागू नाही. तुपात कॅल्शिअम जवळपास नसतेच आणि प्रथिनांचा अंश राहू शकतो, तेव्हा तेही डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

आता नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शिअम असते, जे तांदूळ-गव्हाच्या कितीतरी पट आहे. परंतु ते बरेचसे दाण्याच्या बाहेरच्या थरात असते, आणि इथेच आपली जुनी रीत आड येते. भिजवलेली नाचणी वाटून, पातळ फडक्यातून गाळून जे पांढरट सत्त्व आपण वाळवतो, त्यात पिष्ट उतरते आणि कॅल्शिअमचा मोठा भाग फडक्यावरच्या चोथ्याबरोबर टाकला जातो. सहा-सात महिन्यांच्या बाळाला पचायला सोपे म्हणून सत्त्व ठीक होते. वर्षाच्या पुढच्या मुलाला अख्ख्या नाचणीचेच पीठ द्यावे. नाचणीत फायटेट नावाचा घटक असतो, जो कॅल्शिअम आणि लोह दोन्ही धरून ठेवतो; मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने तो कमी होतो. म्हणून नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधून मोड आणावेत, सावलीत खडखडीत वाळवून मंद आचेवर जराशी भाजावी आणि दळून आणावी. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत बांधलेल्या पुरचुंडीला लवकर वास येतो, तेव्हा फडके दिवसातून दोनदा धुऊन बदलावे आणि बुरशीची शंका आली तर सगळे फेकून द्यावे. एवढी खटपट नको असेल तर पीठ रात्रभर पाण्यात कालवून आंबवून सकाळी ताकाविना आंबील शिजवावी. बाजारातील ‘नाचणी बिस्किटां’वर माझा विश्वास नाही, त्यांत मैदा आणि साखर जास्त असते, आणि दुधाची भुकटीही अनेकदा असते.

नाचणीच्या जोडीला कुळीथ घ्यावा. १०० ग्रॅम कुळथात अडीचशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शिअम असते आणि कुळथाचे पिठले किंवा पिठी कोकणातून आलेल्या घरांत नाहीतरी शिजतेच. मुलासाठी तिखट घालण्याआधी वाटीभर बाजूला काढावी. पालेभाज्यांत निवड महत्त्वाची आहे. पालकातील ऑक्झलेट कॅल्शिअमला असे जखडून ठेवते की शरीराला त्यातून फारच थोडे मिळते. म्हणून कॅल्शिअमसाठी पालकावर भिस्त ठेवू नये. मेथी आणि शेवग्याचा पाला बरे: त्यांच्या १०० ग्रॅममध्ये पावणेतीनशे ते तीनशेच्या आसपास कॅल्शिअम आहे, मात्र लहान मूल खाऊन खाऊन खाणार पंधरा ग्रॅम. शेवग्याचा पाला ठाण्याच्या गावदेवी मंडईत किंवा स्टेशनाबाहेर बसणाऱ्या बायकांकडे, विशेषतः पावसाळ्यात, पाहावा. कोवळी पाने चिरून नाचणीच्या घावनात घातली तर मुलाच्या लक्षातही येत नाही.

तिळाचा आकडा सर्वांत मोठा, १०० ग्रॅमला बाराशेच्या पुढे. पण तो सालासकटच्या तिळाचा आहे. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात त्याचा अगदी थोडा अंश उरतो, आणि सालातील कॅल्शिअमही बरेचसे ऑक्झलेटच्या रूपात असल्याने सगळे अंगी लागत नाही. वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारातील दाणा बाजारात किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर बिनपॉलिशचे तीळ मागून घ्यावेत, भाजून बारीक कूट करावे आणि एक चमचा भातावर किंवा पेजेत मिसळावा. अख्खे तीळ न पचता बाहेर पडतात आणि चिक्की या वयात घशात अडकू शकते. तिळाचीही ॲलर्जी असते, तेव्हा पहिल्यांदा चिमूटभरच द्यावे.

मासे खाणाऱ्या घरांना एक वाट जास्त आहे. नवी मुंबईतील दिवाळे गावच्या किंवा ठाण्यातील चेंदणीच्या कोळीवाड्याजवळ राहणाऱ्यांना सुकट आणि जवळा सांगायला नको; सुकवलेला जवळा नीट धुऊन मीठ काढावा, खरपूस भाजावा आणि त्याची वस्त्रगाळ पूड करून आमटीत चिमूट-दोन चिमूट घालावी. सुरमई-पापलेटच्या काटे काढलेल्या मांसात कॅल्शिअम फारसे नसते, कारण ते काट्यांत असते.

आता बेरीज करू. दोन वर्षांच्या चांगल्या खाणाऱ्या मुलाने सकाळी ३० ग्रॅम नाचणीची आंबील (११०), दुपारी २० ग्रॅम कुळथाची पिठी (५०) आणि थोडी मेथी (४०), संध्याकाळी २० ग्रॅम नाचणीचा लाडू (७०) आणि एक चमचा तीळकूट (४०) खाल्ले, तर ३१० मिलिग्रॅम होतात. भात, वरण, अंडे, फळे यांचे आणखी ४०-५० धरले तरी आकडा साडेतीनशेच्या फारसा पुढे जात नाही, आणि हे सगळे तो रोज खाईल अशी खात्री कोणती आई देईल? म्हणजे केवळ घरच्या जेवणावर दीडशे ते दोनशे मिलिग्रॅमची तूट राहतेच. ती मान्य करून भरून काढणे, हेच या कामातले मुख्य.

तूट भरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कॅल्शिअम मिसळलेले सोया पेय, किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास ॲलर्जीच्या मुलांसाठीचे खास फॉर्म्युला, म्हणजे दुधाऐवजी द्यायची तयार भुकटी. सोया पेयाच्या डब्यावर १०० मिलिलिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शिअम लिहिलेले असावे, ते बिनसाखरेचे असावे आणि ओतण्यापूर्वी खोके चांगले हलवावे, कारण कॅल्शिअम तळाशी बसते. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही चालत नाही, म्हणून पहिली सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी. घरी केलेले बदामाचे किंवा नारळाचे दूध दिसते दुधासारखे, पण कॅल्शिअमच्या बाबतीत ते जवळपास पाणीच.

दुसरा मार्ग औषधाचा. सिरपच्या बाटलीवर ‘कॅल्शिअम कार्बोनेट ६२५ मिलिग्रॅम’ लिहिले असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शिअम २५० मिलिग्रॅमच असते. कार्बोनेटचा फक्त ४० टक्के भाग कॅल्शिअम आहे. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा कोणता, हे तिथेच विचारून लिहून घ्यावे. कार्बोनेट जेवणाबरोबर द्यावे आणि लोहाचे औषध चालू असेल तर दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना रोज द्या, असा सल्ला फोनवर फिरत असतो. चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो, आणि त्याची मात्रा मोजता येत नाही. मुलाला तो कधीही देऊ नये.

ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शिअम आतड्यातून नीट शोषलेच जात नाही. या वयाला ते दिवसाला ६०० आययू (डब्यावर IU लिहिलेले आंतरराष्ट्रीय एकक) लागते. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या उंच इमारतीत बंद काचेतून येणारे ऊन त्यासाठी निरुपयोगी आहे, कारण लागणारे किरण काच अडवते. मुलाला उघड्या हातापायांनी थोडा वेळ गच्चीवर किंवा बागेत न्यावे आणि थेंबांची गरज डॉक्टरांना विचारावी. शाकाहारी घरात दुधाबरोबर ब-१२ ही जाते, त्याचा प्रश्नही त्याच भेटीत काढावा.

पाळणाघरात मूल दिवसभर राहत असेल तर काय चालते आणि काय नाही, हे ताईंना एका कागदावर मराठीत लिहून द्यावे आणि डबा घरूनच द्यावा. मनगटे रुंद दिसू लागली, पाय वाकले, चालायला उशीर झाला किंवा दात फार उशिरा आले, तर वाट न पाहता दाखवावे. रक्तातील कॅल्शिअम बरोबर आले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून रक्तातील पातळी राखते. दुधाची ॲलर्जी पुष्कळ मुलांची तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते. दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडे त्याची फेरतपासणी करून घ्यावी आणि दुधाचा पहिला घोट त्यांच्याच सल्ल्याने द्यावा, घरी परस्पर नाही.