घरचं नॅस जुळवण्याआधीची तयारी, पंख्यासकट

नॅस म्हणजे घरातल्या फाइली नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून ठेवलेलं डिस्कवालं मशीन. त्याला लागणाऱ्या डिस्क, कॅबिनेट, रॅम यांची यादी कुणालाही तोंडपाठ असते, त्यात वेळ घालवत नाही. डिस्क सीएमआर हवी, एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून पुन्हा लिहिताना मंदावणारी) नको. ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी) मिळाली तर उत्तम, नाहीतर असलेल्या रॅमवर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा आणि पुढे चला. माती खायची ती आपण डिस्क मशीनला जोडणाऱ्या मधल्या कंट्रोलरपाशी खातो.

मदरबोर्डवरचे साटा (डिस्क जोडायचे) पोर्ट पुरत असतील तर वेगळं कार्ड घेऊच नका. फक्त बोर्ड जुना असेल तर चिपसेट बघून घ्या. इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरच्या काळातल्या ६ सिरीज चिपसेटमध्ये ३ गिगाबिटचे पोर्ट वापराने ढासळत जायचे, म्हणून इंटेलने जानेवारी २०११ मध्ये माल थांबवून सुधारित बी३ आवृत्ती काढली. आधीचा, बी२ वाला बोर्ड पदरात पडलाच तर ६ गिगाबिटच्या दोन पोर्टांवर भागवा, बाकीच्यांना हात लावू नका.

पोर्ट कमीच पडत असतील तर एचबीए कार्ड (डिस्क जोडायला जादा पोर्ट देणारं), तेही आयटी मोडमधलं, म्हणजे डिस्क आहेत तशाच मशीनला दाखवणारं. रेड (RAID, अनेक डिस्क जोडून एक करणारं) कार्ड नको. ते डिस्क स्वतःच्या पोटात लपवतं, स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे देते ते) आकडे धड दाखवत नाही आणि झेडएफएसला (डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या फाइलसिस्टीमला) खाली काय चाललंय ते कळूच देत नाही. एका साटा पोर्टाचे पाच करून देणारे पोर्ट मल्टिप्लायर तर नकोच नको. जुन्या सर्व्हरमधून निघालेली एसएएस २००८ चिपची कार्डं, म्हणजे एलएसआय ९२११-८आय आणि तिची भावंडं, स्वस्त असतात आणि चालतातही चांगली. फर्मवेअर २०.००.०७.०० असल्याची खात्री करा, कारण २० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी लोकांचा डेटा बिघडवलेला आहे. फ्लॅश करण्याआधी कार्डावरच्या स्टिकरवरचा एसएएस पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. आणि कार्डासोबतच पंखा मागवा. आत्ताच. नंतर बघू म्हटलं की तो राहतो. माझा मागच्या खेपेला राहिला होता, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

कारण समजून घ्या. ही कार्डं सर्व्हरसाठी बनलेली आहेत, तिथे पुढून मागे सतत सोसाट्याचा वारा असतो. कार्डाला मिनिटाला निदान २०० फूट वेगाची हवा लागते असं कागदोपत्री लिहिलेलं आहे. आपल्या कॅबिनेटमध्ये तळाशी कोपऱ्यात हवा हलतसुद्धा नाही, आणि सांगलीत एप्रिल-मे महिन्यात माळ्यावरच्या खोलीचं काय होतं ते सांगायला नको. त्यात एसएएस २००८ चिप स्वतःचं तापमान सांगत नाही. डिस्क ३८ अंशांवर बघून आपण खूश, आणि पलीकडे हीटसिंकला बोट लावलं तर चटका. चिप तापली की कार्ड मधूनच रीसेट होतं, डिस्क गायब होऊन परत येतात, चेकसमच्या चुका (लिहिलेला आणि वाचलेला डेटा न जुळणं) दिसायला लागतात. हे नेमकं स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालू असताना होतं, कारण तेव्हा सगळ्या डिस्क तासन्‌तास एकदम वाचल्या जातात.

म्हणून ४० मिलिमीटरचा पंखा थेट हीटसिंकवर बसवा, स्क्रू हीटसिंकच्या पात्यांच्या फटीत बसतात. नाहीतर शेजारच्या स्लॉटपाशी ९२ मिलिमीटरचा पंखा झिपटायने बांधा. दिसायला गबाळं दिसेल, दिसू दे. पंख्याची पिन सीपीयूच्या तापमानावर चालणाऱ्या हेडरला लावू नका. स्क्रबच्या वेळी सीपीयू जवळजवळ रिकामाच असतो, मग पंखाही सुस्तावतो आणि कार्ड भाजत राहतं. बायॉसमध्ये वेग कायमचा ठरवून टाका. कार्ड जुनं असेल तर हीटसिंक काढून वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. पंखा लावला का? मग पुढे वाचा.

केबल. कार्डावरच्या एसएफएफ-८०८७ जोडणीवरून चार साटा फुटणारी केबल फॉरवर्ड ब्रेकआउटच (कार्डाकडून डिस्ककडे जाणारी) हवी. रिव्हर्सवाली हुबेहूब तशीच दिसते पण चालत नाही. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनी पॉवर जोडणीवरून) साटा पॉवर काढणारे साच्यात ओतलेले जोड टाळा, ते पेटू शकतात.

डेटा ओतण्याआधी चाचणी घ्या. कॅबिनेटचं झाकण लावून, भर दुपारी, नको असलेल्या फाइलींनी पूल (सगळ्या डिस्कची मिळून झालेली जागा) भरून स्क्रब चालवा. झाकण उघडं ठेवून केलेली चाचणी म्हणजे स्वतःची फसवणूक. मग झेडपूल स्टेटस (पूलची अवस्था दाखवणारी कमांड) बघा. एकाच डिस्कवर चेकसमच्या चुका असतील तर डिस्क किंवा तिची केबल. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा सीआरसीचा (केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला. १९७ क्रमांकाचा (वाचायला अडणाऱ्या भागांचा) आकडा वाढत असेल तर डिस्कच चालली. आणि सगळ्या डिस्कवर एकदम चुका आल्या तर डिस्क बदलत बसू नका! चार डिस्क एकाच दुपारी मरत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघा: कार्ड, पॉवर सप्लाय, रॅम. त्यातही आधी कार्ड, म्हणजे आधी पंखा फिरतोय का ते. अशा अवस्थेत रीसिल्व्हर (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) सुरू केलं तर चांगल्या डिस्कवरही घाण लिहिली जाईल. मशीन बंद करा, थंड होऊ द्या, पंखा बघा, मग पुन्हा स्क्रब.

लाइटचं थोडक्यात. घरच्या इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते त्याच मोडवर ठेवा. त्यापेक्षा यूएसबीने मशीनला जोडता येणारा छोटा यूपीएस बरा, बॅटरी संपत आली की नॅस स्वतः बंद होतं. वळिवाच्या दिवसांत हे लागतंच.

जागा वरच्या मजल्यावर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २००५, २०१९, २०२१ मध्ये पाणी तिच्या वर गेलं, त्यामुळे गावभागात (सांगलीच्या जुन्या वस्तीत) तळमजल्यावर नॅस ठेवणाऱ्याला मी काय सांगणार. दुसरी प्रत गावाबाहेर, साताऱ्याला कुणी पाहुणे असतील तर त्यांच्याकडे एक डिस्क. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे माहीत आहेच.

स्क्रब महिन्यातून एकदा, रात्री. ईमेलची सूचना चालू करा. दिवाळीच्या साफसफाईत धूळ काढा, आणि तेव्हा तो पंखा बोटाने फिरवून बघा. छोटे पंखे दोनेक वर्षांत घरघरायला लागतात, तेव्हा एक जादाचा आणून कॅबिनेटमध्येच चिकटवून ठेवा.