सर्किट सिम्युलेशनमध्ये डिजिटल गेटचे मॉडेल कसे तयार करावे

डिजिटल आयसीचे मॉडेल करायचे म्हटले की तिच्या आतले सगळे ट्रान्झिस्टर मांडण्याचा मोह होतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. बाहेरच्या सर्किटला आयसीच्या पिना जशा भासतात, तेवढे वर्तन उतरले तरी पुरते. उदाहरणादाखल ५ व्होल्टवर चालणारे ७४एचसी०० हे नँड गेट (सर्व इनपुट वरच्या पातळीवर असतील तेव्हाच आउटपुट खाली आणणारे) एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करू.

प्रथम डिजिटल विभागातील अँड गेट आराखड्यात ठेवावे आणि त्याचे उलटे आउटपुट वापरावे, म्हणजे नँड मिळते. न लागणाऱ्या इनपुट मोकळ्या सोडाव्यात, सॉफ्टवेअर त्या हिशेबातून वगळते. प्रत्यक्ष आयसीच्या बाबतीत मात्र ही सवय महागात पडते.

यानंतर पातळ्या ठरवाव्यात. काहीही न सांगितल्यास हे गेट ० आणि १ व्होल्ट देते आणि ०.५ व्होल्टवर पलटते, त्यामुळे वरची पातळी ५ व्होल्ट लिहिणे आवश्यक आहे. थ्रेशोल्ड, म्हणजे गेट पलटण्याचा व्होल्टेज, मग आपोआप मध्यावर, २.५ व्होल्टवर येतो, आणि एचसी मालिकेला तो साजेसा आहे. टीटीएल या जुन्या आयसींच्या पातळ्यांशी जुळणारी एचसीटी मालिका असेल, तर तो सुमारे १.४ व्होल्ट असा वेगळा द्यावा.

खरी काळजी आउटपुटची घ्यावी लागते. मूळ मॉडेलचा आउटपुट रोध केवळ १ ओहम असल्याने ते एलईडी किंवा लांब तार अवास्तव ताकदीने चालवते. डेटाशीटमध्ये ४.५ व्होल्ट पुरवठ्यावर ४ मिलिअँपिअर देताना आउटपुट साधारण ४.३२ व्होल्टपर्यंत उतरते, म्हणजे ०.१८ भागिले ०.००४ या हिशेबाने रोध ४५ ओहम येतो, तोच लिहावा. प्रत्येक इनपुटपासून ग्राउंडकडे ३.५ पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, कारण आदर्श गेट इनपुटवर कोणताच भार टाकत नाही.

विलंब, म्हणजे इनपुट बदलल्यापासून आउटपुट बदलेपर्यंतचा वेळ, सुमारे ७ नॅनोसेकंद धरावा. आउटपुटच्या चढ-उताराची वेळ शून्य ठेवू नये, अन्यथा तीव्र कडांमुळे कनव्हर्जन्स (सॉफ्टवेअरची गणिते उत्तरापर्यंत पोहोचणे) बिघडतो. मात्र त्या वेळेचा काही भाग विलंबातच मोजला जात असल्याने इनपुट व आउटपुट यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजून लिहिलेला विलंब तितका कमी करावा.

तपासणीसाठी अशा तीन गेटांच्या दोन्ही इनपुट एकत्र बांधून रिंग ऑसिलेटर करावा, म्हणजे प्रत्येकाचे आउटपुट पुढच्याच्या इनपुटला आणि शेवटच्याचे पहिल्याला जोडावे. आवर्तकाल विलंबाच्या सहापट, म्हणजे सुमारे ४२ नॅनोसेकंद यायला हवा. ऑसिलेशन सुरूच झाले नाही, तर एका नोडला (जोडबिंदूला) प्रारंभिक व्होल्टेज द्यावे.

हे गेट पुरवठ्याच्या रेलमधून प्रवाह घेत नाही, म्हणून डिकपलिंग कपॅसिटर (आयसीजवळ पुरवठा स्थिर ठेवणारा) निवडण्यासाठी ते वापरू नये. तेथे ट्रान्झिस्टर पातळीचेच मॉडेल लागते.