पावसाळ्यानंतरची डोंगरवाट: सायकलवरून जाता जाता वाट मोकळी कशी करावी

पाऊस ओसरला की नवी मुंबई-ठाण्याकडच्या खारघर, पारसिक आणि येऊरच्या डोंगरांतल्या ओळखीच्या वाटाही ओळखू येत नाहीत. जूनपासून वाढलेले गवत हँडलबारच्या वर आलेले असते, घाणेरी आणि रानमोडी ही माजणारी झुडपे दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकलेली असतात आणि वाऱ्यापावसात मोडलेल्या फांद्या आडव्या पडलेल्या असतात. अशा वाटेवर माउंटन बाइक घालायची आणि जाता जाता ती मोकळीही करायची, तर नुसता कोयता आणि उत्साह पुरत नाही. वाट साफ करणे म्हणजे झाडोरा छाटणे, असा बहुतेकांचा समज असतो. खरे तर वाट टिकते ती तिच्यावरचे पाणी वेळीच बाजूला काढल्याने, आणि छाटणी जितकी कमी होईल तितके काम चांगले झाले असे समजावे.

सर्वांत आधी परवानगी. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग असल्यामुळे तेथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे आणि आपल्या मर्जीने डहाळीही तोडता येत नाही. राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ आडवा येतो. नवी मुंबईच्या डोंगरउतारांवर जमीन कुठे वनखात्याची, कुठे सिडकोची, तर कुठे खासगी असते, त्यामुळे आपली वाट नेमकी कोणाच्या हद्दीतून जाते हे आधी पाहून घ्यावे. जमीन वनखात्याची असल्यास वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करावा आणि त्यात वाट, तारीख, माणसांची संख्या, हत्यारे आणि आपण काय कापणार नाही हे लिहावे. हा शेवटचा मुद्दा टाळू नये, कारण अर्ज वाचणाऱ्याला आपली समज त्यातूनच कळते. परवानगी मिळाली नाही, तर हत्यारे घरीच ठेवावीत.

दुसरी परवानगी कागदावर मिळत नाही, पण तिचे मोल कमी नाही. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी आहेत, येऊरला पाडे आहेत, आणि आपण ज्यांना सायकलच्या वाटा म्हणतो त्या मुळात या माणसांच्या जाण्यायेण्याच्या, गुरांच्या आणि मोळीच्या वाटा आहेत. पाड्यावर थांबून ‘मावशी, ही आडवी फांदी काढली तर चालेल का?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ उलगडा होतो. पडलेले लाकूड कोणीतरी सरपणासाठी हेरून ठेवलेले असते. ऑक्टोबरमध्ये भात उभे असताना वाटेवर टाकलेली काटेरी झुडपे हा अडथळा नसून गुरे शेतात शिरू नयेत म्हणून मुद्दाम केलेली वई असते. ती उचलून पलीकडे जावे लागले, तर जशी होती तशी परत लावावी. शेंदूर लावलेला दगड दिसला, तर त्याच्या आसपासचे काहीही हलवू नये.

मोसमी पाऊस मुंबई परिसरातून साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास माघारी जातो. त्यानंतर निदान दहा-पंधरा दिवस जाऊ द्यावेत, कारण ओल्या मुरमावर आणि चिखलावर चाकाने पडलेली चाकोरी पुढच्या पावसात पाण्याची वाट बनते. चाकाची खूण बोटाच्या एका पेराहून खोल उमटत असेल, तर तो दिवस डांबरी चढावर घालवावा. फार उशीरही करू नये. हिवाळ्यात खाजकुहिलीच्या शेंगा सुकल्या की त्यांची लव वाऱ्यावर उडते आणि मानेवर, मनगटावर बसली तर दिवसभर सुचू देत नाही; त्या वेलीच्या शेंगांना कोयता लावूच नये, वळसा घालावा.

सामान पाठीवर मावेल इतकेच घ्यावे: घडीची करवत, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), दांडा काढता येणारा छोटा टिकाव, जाड हातमोजे, चष्मा आणि माणशी किमान तीन लिटर पाणी. कोयता घ्यायचाच असेल, तर पाड्यावरची माणसे तो कमरेच्या आकडीत अडकवतात, तसा सायकलवर बसून अडकवू नये. पडल्यास तो आपल्यालाच लागेल. म्यान घालून पिशवीत ठेवावा. टायर ट्यूबलेस असावेत आणि त्यांत ताजे सीलंट (भोक बुजवणारे द्रावण) असावे, कारण बोर आणि बाभळीचे काटे कोणाला सोडत नाहीत. सगळ्यांत जास्त मोडतो तो मात्र मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग सांगाड्याला जोडणारी छोटी पट्टी. गवतातली काटकी साखळीबरोबर आत ओढली जाते, एका पेडलात हँगर वाकतो आणि सायकल ढकलत खाली यावे लागते. आपल्या सायकलला बसणारा जादा हँगर आणि साखळीची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी) नेहमी जवळ ठेवावी. चाकात काहीतरी खडखडले की पेडल मारणे तत्काळ थांबवावे.

काम चढताना करावे. चढावर वेग कमी असतो, अर्धी वाट ढकलतच जावी लागते, आणि उतरताना आपलेच काम तपासले जाते. तिघे-चौघे असतील, तर एकाने कापावे, दुसऱ्याने उचलावे, उरलेल्यांनी पाण्याचे काम करावे, आणि हत्यार चालवणाऱ्यापासून इतरांनी दोन माणसांचे अंतर ठेवावे. हँडलबार साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून हँडलच्या उंचीवर एक मीटरभर मोकळी जागा पुरते. वाट अरुंद राहिली तर वेग आपोआप आवरतो आणि सावलीही टिकते.

कोयत्याचा घाव तिरका बसतो आणि मागे टोकदार खुंट उरतो. तो टायर फाडतो हे झालेच, पण त्या वाटेने चपला घालून, कधी अनवाणी, मोळी आणणाऱ्या बाईच्या पायात तो घुसतो. म्हणून रोपट्याचे खोड सिकेटरने किंवा करवतीने अगदी जमिनीलगत आणि आडवे कापावे. झाडाची फांदी काढायची असल्यास ती जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर भाग शाबूत ठेवून त्याच्या पुढे कापावी, म्हणजे जखम भरून येते. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते; तिचे मूळ जमिनीखाली दोन-चार बोटे खोल तोडून झुडूप उलटे ठेवावे, आणि त्याआधी आत घरटे नाही ना, हे पाहावे. कारवीला मात्र हात लावू नये. ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि उतारावरची माती धरून ठेवते.

आडवा पडलेला ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल, तर त्याची वरची बाजू दाबाखाली असते. वरून एक तृतीयांश कापून उरलेला काप खालून द्यावा. एकच टोक टेकलेले असेल, तर याच्या उलट, आधी खालून. असे न केल्यास करवत अडकते किंवा लाकूड फाटून अंगावर येते. नेहमी चढाच्या बाजूला उभे राहावे. मांडीहून जाड खोडाच्या नादी लागू नये. सायकल उचलून पलीकडे न्यावी, पण बाजूने नवी वाट पाडू नये. कापलेल्या फांद्यांचा ढीग करू नये, कारण फेब्रुवारीनंतर वणव्याला तोच खाद्य होतो. त्या उताराच्या बाजूला विखरून टाकाव्यात.

आता पाण्याकडे. वाटेच्या मधोमध घळ पडलेली दिसली, तर तिच्यात दगड भरण्याआधी वर चालत जावे आणि पाणी वाटेत शिरते कुठे ते शोधावे. बहुतेकदा वाटेच्या दरीकडच्या कडेला माती साचून बारीक बांध तयार झालेला असतो आणि तो पाण्याला बाहेर पडू देत नाही. टिकावाने तो बांध ठिकठिकाणी फोडावा आणि वाट दरीकडे किंचित कलती करावी; एक मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर उतार पुरतो. तीव्र चढावर वाटेला तिरका जाणारा, रुंद आणि उथळ खळगा काढावा. अरुंद चर काढल्यास तो पानांनी भरतो आणि पुढचे चाकही त्यात अडकते.

दगड हलवताना पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलवावा, म्हणजे खाली फुरसे किंवा विंचू असला, तर मध्ये दगड राहतो. दगड खाली गडगडत सोडू नये. खाली गुरे असू शकतात. साप चावल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. तो अवयव हलू न देता १०८ वर फोन करावा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. बिबट्याच्या वावरामुळे येऊरकडे अंधार पडण्याच्या बऱ्याच आधी खाली यावे.

उतरल्यावर टायर, बूट आणि मोजे तिथेच झाडून घ्यावेत, म्हणजे रानमोडीचे बी दुसऱ्या डोंगरावर जाणार नाही. गोचीड अंगावर चढले नाहीत ना, तेही पाहावे. जी मोठी खोडे तशीच सोडली, त्यांची जागा फोटोसह वनरक्षकांना त्याच दिवशी कळवावी आणि पुढच्या अर्जाला ती यादी जोडावी.