टॉवेलच्या कारखान्यातून ग्राहकोपयोगी मालाच्या विक्रीकडे : सोलापुरात क्षेत्र बदलू पाहणाऱ्यांसाठी

चादरी-टॉवेलचे कारखाने, पतसंस्था, खासगी शिकवण्या अशा ठिकाणी काही वर्षे काम केलेली आणि आता साबण, बिस्किटे, चहा, तेल यांसारख्या रोजच्या वापराच्या मालाच्या कंपनीत विक्रीचे काम मिळेल का, असे विचारणारी बरीच मंडळी सोलापुरात मला भेटतात. बोलण्यात आपण कमी पडू, अशी धास्ती त्यांतल्या बहुतेकांच्या मनात असते. मी स्वतः अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅच (माल रवाना करणे) आणि बिलांचे काम पाहत होतो आणि तेथून या क्षेत्रात आलो. व्यापारी खाती, म्हणजे कंपनीचा माल घेणारे व्यापारी, सांभाळण्याच्या कामात गोड बोलण्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान आहे. समोरच्या व्यापाऱ्याचा पैसा कोठे गुंतला आहे, तो किती दिवसांनी मोकळा होतो आणि त्यावर त्याच्या हाती काय उरते, हे वाचता येणे हा या कामाचा गाभा आहे, आणि हिशेबाच्या कामातून आलेल्या माणसाला ते इतरांपेक्षा लवकर साधते.

आधी मालाची वाट समजून घ्यावी. कंपनीच्या डेपोतून माल डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ठरलेल्या भागातल्या वितरकाकडे, येतो, लहान गावांसाठी मधे सुपर स्टॉकिस्ट, म्हणजे तेथील छोट्या वितरकांना माल पुरवणारा मोठा व्यापारी, असतो, आणि डिस्ट्रिब्युटरचे सेल्समन ठरलेल्या बीटप्रमाणे, म्हणजे वारानुसार वाटून दिलेल्या दुकानांच्या मार्गाने, किराणा दुकानांतून ऑर्डर घेतात. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल ही प्रायमरी विक्री आणि डिस्ट्रिब्युटरने दुकानांना विकलेला माल ही सेकंडरी विक्री. कंपनीचे टारगेट बहुधा प्रायमरीवर मोजले जाते, पण व्यवसाय खऱ्या अर्थाने चालतो तो सेकंडरीवर, आणि या कामातले निम्मे ताणतणाव या दोन आकड्यांमधल्या तफावतीतून जन्माला येतात. याखेरीज सुपरमार्केटच्या साखळ्यांचा वेगळा प्रवाह आहे, त्याला मॉडर्न ट्रेड म्हणतात. तेथील एकेका साखळीचे खाते सांभाळणाऱ्याला की अकाउंट एक्झिक्युटिव्ह किंवा मॅनेजर म्हणतात. मोठ्या साखळ्यांची खरेदी कार्यालये पुण्या-मुंबईकडे असल्यामुळे सोलापूरच्या माणसाची सुरुवात बहुतेक वेळा किराणा बाजारातूनच होते, आणि ती तशी व्हावी असेच मी सांगेन.

प्रवेशाची दारे दोन आहेत. एक म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन किंवा हिशेबनीस म्हणून लागणे आणि दुसरे म्हणजे कंपनीच्या सेल्स ऑफिसरच्या जागेसाठी प्रयत्न करणे. दुसऱ्या प्रकारात नोकरी कंपनीच्या स्वतःच्या पटावर आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या, हे पहिल्याच मुलाखतीत विचारून घ्यावे. कार्डावर कंपनीचे नाव असते, पण भविष्य निर्वाह निधी, रजा आणि बढती यांचे नियम एजन्सीचे लागू होतात, आणि हे अनेकांना रुजू झाल्यानंतर कळते. पगाराचा किती भाग इन्सेंटिव्हवर अवलंबून आहे आणि दुचाकीच्या पेट्रोलचा भत्ता कोणत्या हिशेबाने मिळतो, हेही तेव्हाच स्पष्ट करून घ्यावे.

आता ज्या गोष्टीवर माझा सर्वांत जास्त भर आहे, त्या डिस्ट्रिब्युटरच्या परताव्याकडे येतो. समजा, एका डिस्ट्रिब्युटरची महिन्याची विक्री २० लाख रुपये आहे आणि त्याला ५ टक्के मार्जिन आहे, म्हणजे त्याच्या हाती १ लाख रुपये येतात. सेल्समन, डिलिव्हरीचा टेम्पो, गोदामाचे भाडे आणि बिले करणारा मुलगा यांवर ६० हजार जातात असे धरले, तर ४० हजार उरतात. गोदामात १० लाखांचा साठा, बाजारात ७ लाखांची उधारी आणि कंपनीकडून यायचा १ लाखाचा क्लेम (स्कीम किंवा खराब मालापोटी त्याने आधी सोसलेली आणि कंपनीने परत करायची रक्कम) अशी त्याची एकूण १८ लाखांची गुंतवणूक असेल, तर वर्षाचा परतावा साधारण २७ टक्के पडतो, आणि असा व्यापारी तुमच्याशी हसून बोलतो. विक्री तेवढीच राहून उधारी १४ लाखांवर गेली आणि क्लेम ४ लाखांवर साचला, तर गुंतवणूक २८ लाख होते आणि तोच परतावा १७ टक्क्यांवर येतो. मार्जिनला कोणी हातही लावलेला नसतो, तरी माणूस कंपनी सोडण्याची भाषा करू लागतो. नव्या सेल्स ऑफिसरला वाटते की डिस्ट्रिब्युटर स्कीम, म्हणजे खरेदीवरची सवलत, वाढवून मागत आहेत. खरे तर त्यांना क्लेमची क्रेडिट नोट, म्हणजे ती रक्कम त्यांच्या खात्यात जमा केल्याचा कंपनीचा कागद, वेळेवर हवी असते. ज्या महिन्यात तुम्ही त्यांचे अडकलेले क्लेम कागदपत्रे लावून मंजूर करून आणता, त्या महिन्यात टारगेटसाठी फारशी विनवणी करावी लागत नाही.

याच ओघात मार्जिनचे गणितही पक्के करावे. ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० रुपयांना विकली, तर मिळालेले २० रुपये खरेदीवर २५ टक्के होतात आणि विक्रीवर २० टक्के. किराणा दुकानदार बहुधा पहिल्या पद्धतीने बोलतात, सुपरमार्केटचे खरेदीदार दुसऱ्या पद्धतीने. बोलणी सुरू करण्यापूर्वी कोणता टक्का चालू आहे हे कागदावर लिहून घ्यावे.

बीटवर फिरणे टाळून हे काम शिकता येत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत, पगार आठवड्याला होतो, त्यामुळे घरातली खरेदीही लहान हप्त्यांनी होते. तेथील एका दुकानदाराने मला शाम्पूच्या मोठ्या बाटल्यांवरची धूळ बोटाने पुसून दाखवली आणि दारात लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळेकडे हात करून म्हटले, "साहेब, ही माळ दोन दिवसांत संपते, ती बाटली तुमच्या मागच्या साहेबांनी ठेवली होती." त्यांच्या दुकानात बाटलीवर कितीही चांगली स्कीम दिली, तरी ती त्यांचे पैसे अडकवणारी होती, आणि जुळे सोलापूर किंवा विजापूर रस्त्यावरच्या दुकानात तीच बाटली सहज फिरत होती. एकाच शहरात दोन बाजारपेठा आहेत, हे ऑफिसात बसून पाहिलेल्या एकत्रित आकड्यांत दिसत नाही. भाषेचाही येथे मोठा आधार होतो. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी वळणाची हिंदी बोलणारे दुकानदार एकाच बीटवर भेटतात. सगळ्या भाषा यायला हव्यात असे नाही, पण तेलुगूतून चार वाक्ये बोलणाऱ्या सेल्समनला गर्दीच्या वेळीही दुकानदार थांबवून घेतात, हे मी पाहिले आहे.

जिल्ह्याचे वार्षिक चक्रही तोंडपाठ असावे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवरची पायी गर्दी, रमजानचा महिना, या प्रत्येक वेळी कोणता माल किती दिवस आधी गोदामात असावा हे ठरलेले असते. बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या यात्रेच्या आदल्या दिवशी पोहोचल्या तर उपयोग नाही, कारण तोवर दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा माल भरलेला असतो. माळशिरस, माढा, पंढरपूर या उसाच्या पट्ट्यात कारखान्यांची बिले निघाली की खरेदी वाढते आणि बिले रखडली की दुकानदाराची उधारीही रखडते, त्यामुळे तेथील वसुलीचे नियोजन करणाऱ्याने गळीत हंगामाच्या बातम्या वाचल्याच पाहिजेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात चॉकलेटचा साठा कमी ठेवावा लागतो, हे वेगळे सांगायला नको.

मॉडर्न ट्रेडच्या कामाचे स्वरूप निराळे आहे. तेथे गल्ल्यावरच्या ओळखीपेक्षा पर्चेस ऑर्डर बोलते. त्या ऑर्डरला मुदत असते, तिच्यावर बारकोड, एमआरपी आणि खरेदीदर छापलेले असतात, आणि यांतला एक आकडा बिलाशी जुळला नाही तर साखळीच्या गोदामाच्या दारातून गाडी परत येते. मालाची वापराची मुदत किती शिल्लक असावी, याचीही अट असते. १०० पेट्या मागवल्या आणि ८२ पोहोचल्या, तर तुमचा फिल रेट ८२ टक्के नोंदला जातो, आणि पुढच्या बैठकीत जास्त शेल्फ मागताना तोच आकडा तुमच्यासमोर ठेवला जातो. डिस्पॅचमध्ये काम केलेल्या माणसाला या सगळ्याची सवय असते. चलन, बिल आणि प्रत्यक्ष पेट्या यांचा मेळ घालणे हे माझे जुने काम येथे जसेच्या तसे उपयोगी पडले, आणि म्हणूनच क्षेत्र बदलताना मागचा अनुभव पुसून टाकण्याची गरज नाही असे मी आवर्जून सांगतो. एक्सेलमध्ये पिव्हट टेबल (लांबलचक यादीचा हवा तसा गोषवारा देणारा तक्ता) करता येणे मात्र आवश्यक आहे, कारण कोणत्या दुकानात कोणता नग तीन महिने हललेला नाही हे त्याशिवाय वेळेत कळत नाही.

कर आणि किमतींतले बदल हीसुद्धा खाते सांभाळणाऱ्याची जबाबदारी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि बिस्किटे यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाला किंमत उतरल्याचा आनंद होता, पण डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात आणि दुकानाच्या फळीवर जुन्या एमआरपीचा माल होता. त्या फरकाची भरपाई कोण करणार, नवे बिल कोणत्या दराने करायचे, जुन्या खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट कसे वापरले जाईल, हे प्रश्न व्यापारी कंपनीच्या मुख्यालयाला विचारत नाही, तुम्हाला विचारतो. अशा वेळी 'विचारून सांगतो' एवढे उत्तर पुरत नाही. कोणत्या तारखेपर्यंत सांगतो हे बोलावे आणि त्या तारखेला फोन करावा.

मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न असा असतो की महिनाअखेर आहे, टारगेट अपुरे आहे आणि डिस्ट्रिब्युटरचे गोदाम भरलेले आहे, तर तुम्ही काय कराल. माल उतरवून घ्यायला लावू, हे उत्तर अनेक जण आत्मविश्वासाने देतात. मी ज्या एका कंपनीत होतो तेथे ही रीतच होती आणि तिचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत. पुढच्या महिन्यात ऑर्डर येत नाही, जास्तीचा माल कमी भावाने घाऊक बाजारात सुटतो, दर बिघडतात आणि शेवटी मुदत संपलेल्या पेट्या परत घेण्यावरून भांडणे होतात. साठा किती दिवसांचा आहे हे आधी मोजेन, कमी पडणारे नग वेगळे काढून तेवढ्यांचीच ऑर्डर घेईन आणि उरलेल्या साठ्यासाठी सेल्समनबरोबर बीटवर जाऊन सेकंडरी काढेन, असे उत्तर द्यावे आणि नोकरीत तसेच वागावे. ज्या मुलाखतकाराला हे उत्तर पटत नाही, त्याच्या हाताखाली काम करण्याबद्दल पुन्हा विचार करावा.

रुजू होताना आणखी एक काळजी घ्यावी. आधीच्या अधिकाऱ्याने तोंडी कबूल केलेल्या स्कीमचे क्लेम नव्या माणसाच्या गळ्यात पडतात. म्हणून पहिल्या भेटीतच प्रत्येक डिस्ट्रिब्युटरकडून येणे-देणे, प्रलंबित क्लेम, तुटका-फुटका व मुदत संपलेला माल यांची यादी सही-शिक्क्यासह घ्यावी आणि ती त्याच दिवशी ई-मेलने वरिष्ठांना पाठवावी. नोकरी सोडतानाही अशीच यादी करून त्यावर व्यापाऱ्याची ना-हरकत घ्यावी, कारण अखेरचा पगार आणि इन्सेंटिव्ह अनेकदा त्या कागदासाठीच अडून राहतो.