धावती गाडी उभी दिसू नये म्हणून

धावत्या दुचाकीचा फोटो वेगवान शटरवर काढला की ती पार्क केल्यासारखी दिसते. नुसतं शटर मंद केलं तर सगळंच हलतं. उपाय म्हणजे पॅनिंग: मंद शटरवर कॅमेरा गाडीबरोबर फिरवत फोटो काढायचा, म्हणजे गाडी स्पष्ट आणि मागचं सगळं पुसट येतं. सरावाला पुण्यातला जंगली महाराज रस्ता उत्तम: फूटपाथ रुंद, वाहतूक एकेरी, त्यामुळे गाडी कुठून येणार हे आधीच माहीत.

१. शटर प्रायॉरिटी मोड (शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा सांभाळतो), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता १००. सायकलला १/३० सेकंद, दुचाकीला १/६०. नवख्यांनी १/१२५ पासून सुरुवात करून हळूहळू खाली यावं.
२. फोकस कंटिन्युअस (हलत्या गाडीवर सतत टिकणारा), शूटिंग बर्स्टवर (बटण दाबून धरलं की सलग फोटो).
३. पाय फोटो जिथे टिपायचा त्या दिशेला रोवा, कंबरेतून वळून येणारी गाडी लांबूनच फ्रेममध्ये धरा. कोपरं अंगाला चिकटलेली. गाडी अगदी समोर आली की क्लिक करा, पण तिथे थांबू नका, क्लिकनंतरही कॅमेरा तिच्याबरोबर फिरत राहू द्या. बहुतेकांचं नेमकं इथेच बिघडतं.

मागे झाडं किंवा रंगीत पाट्या हव्यात; कोऱ्या भिंतीपुढे वेगाच्या रेघा उमटतच नाहीत. भर दुपारी १/३० ला फोटो पांढराफटक पडतो, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, नाहीतर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. लेन्सच्या स्टॅबिलायझरला (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेला) पॅनिंगचा मोड असेल तर तोच निवडा. दहातले आठ फोटो वाया जातील, ते धरूनच चाला.

फूटपाथवरून खाली मात्र उतरू नका. आणि पुणं आहे, तेव्हा फूटपाथवरही मागून स्कूटर येत नाही ना, हे पाहायला सोबत कुणीतरी असू द्या.